पाणबुड्याच्या मनगटावरील गणित

पावसाळा सरला, नद्यांचे गढूळ पाणी खाली बसले आणि समुद्र निवळला, की मुरगाव बंदराबाहेरील ग्रँड बेटापासून मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यापर्यंत एका तुलनेने नव्या व्यवसायाचा हंगाम सुरू होतो. पाठीवर दाबलेल्या हवेचे सिलिंडर बांधून पाण्याखाली उतरणे ही गोष्ट एके काळी नौदलाच्या पाणबुड्यांपुरती आणि दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांपुरती मर्यादित होती. आज ती पर्यटनाच्या बाजारात आली आहे. खडकांवरची शिनाणी काढण्यासाठी एका श्वासात बुडी मारणारी माणसे या किनाऱ्याला पूर्वीपासून ठाऊक आहेत. आता त्याच किनाऱ्यावरचे तरुण परगावच्या पाहुण्यांचा हात धरून त्यांना पाण्याखालचे जग दाखवीत आहेत. या तरुणांच्या मनगटावर घड्याळासारखे दिसणारे एक यंत्र असते. त्याला 'डाइव्ह कॉम्प्युटर' म्हणतात. आपण किती खोल आहोत, किती वेळ झाला आणि आणखी किती मिनिटे खाली राहिले तर चालेल, हे तो छोटा संगणक अंकांत दाखवितो.

यांपैकी पहिल्या दोन गोष्टी यंत्र मोजते. तिसरी ते मोजीत नाही. ती त्याने केलेल्या गणिताचे उत्तर असते. हा भेद वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु पाणबुड्याचे हातपाय धड राहणे वा न राहणे पुष्कळदा त्या तिसऱ्या अंकावर अवलंबून असते. तेव्हा या यंत्रावर भरवसा ठेवावा की नाही, आणि ठेवायचा तर कोठवर, या प्रश्नाचा विचार छंदी लोकांवर सोडून देऊन चालणार नाही. ज्या समाजातील तरुण या व्यवसायावर पोट भरू लागले आहेत, त्या समाजाचाही तो प्रश्न आहे.

रक्तातला वायू

समुद्रसपाटीवर आपल्या अंगावर हवेचा जो भार असतो त्याला एक वातावरण दाब म्हणतात. समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला त्यात तेवढ्याच दाबाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट आणि ३० मीटरवर चौपट होतो. पाणबुड्याला श्वास घेण्यासाठी हवाही त्याच दाबाने पुरवावी लागते. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी हा वायू शरीराच्या अध्यातमध्यात नसतो. पण वाढलेल्या दाबाखाली तो रक्तात आणि रक्तावाटे स्नायू, चरबी, सांधे, मज्जारज्जू यांत विरघळू लागतो. जितकी खोली अधिक आणि जितका वेळ अधिक, तितका हा साठा मोठा.

वर येताना दाब उतरतो आणि साठलेला नायट्रोजन बाहेर पडू पाहतो. तो सावकाश फुप्फुसांवाटे निघून गेला तर काही बिघडत नाही. परंतु सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे झाले, तर शरीरातच बुडबुडे धरतात. सांध्यांत असह्य वेदना, अंगावर चट्टे, हातापायांना मुंग्या, आणि मज्जारज्जूला इजा झाल्यास अर्धांग लुळे पडणे, ही त्याची रूपे होत. क्वचित मृत्यूही ओढवतो. पाणबुडे या व्याधीला 'बेंड्स' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात पुलांचे पाये घालण्यासाठी नदीच्या तळाशी दाबलेल्या हवेने भरलेल्या पेट्यांत काम करणारे मजूर वर आल्यावर दुखण्याने वाकून चालत, त्यावरून हा शब्द रूढ झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हाच १८७२ मध्ये या व्याधीने अपंग झाला. पुढची अकरा वर्षे, १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत, त्याची पत्नी एमिली त्याच्या सूचना कामावर पोचवीत राहिली. व्याधीचे मूळ नायट्रोजनच्या बुडबुड्यांत आहे हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ च्या आपल्या ग्रंथात सप्रयोग मांडले.

कारण कळले, तरी किती खोलीवर किती वेळ काढला तर वर येताना कोठे आणि किती थांबावे, हे कोणी सांगायचे? त्याचे पहिले शास्त्रशुद्ध उत्तर ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी दिले. ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये दाबाच्या कोठीत शेळ्या ठेवून प्रयोग केले, १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या समुद्रात प्रत्यक्ष माणसे उतरवली, आणि १९०८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. शरीर म्हणजे एकच एक पिशवी नसून वेगवेगळ्या वेगाने भरणाऱ्या आणि रिकाम्या होणाऱ्या पाच कप्प्यांचा समूह आहे, असे त्यांनी मानले. कोणता कप्पा ५ मिनिटांत निम्मा भरतो, कोणाला १० लागतात, कोणाला २०, ४० वा ७५. सर्व कप्प्यांतील दाब एका ठराविक मर्यादेत ठेवीत टप्प्याटप्प्याने वर आले, तर धोका टळतो.

स्कॉटलंडमधील त्या प्रयोगांत हॉल्डेन यांचा तेरा वर्षांचा मुलगाही अंगाला मोठा होणारा पोशाख घालून पाण्यात उतरला होता. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन या नावाने जगविख्यात जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये भारतात येऊन राहिला, येथला नागरिक झाला, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्याने देह ठेवला. पाणबुड्याच्या मनगटावरील गणिताच्या उगमाशी आपल्या देशाचे हे एक दूरचे नाते आहे.

कोष्टकाकडून संगणकाकडे

हॉल्डेन यांच्या कप्प्यांवरून कोष्टके तयार झाली, आणि पुढील पाऊणशे वर्षे पाणबुडे त्यांवरच चालले. अमेरिकन नौदलाच्या जुन्या कोष्टकाप्रमाणे सुमारे १८ मीटरवर ६० मिनिटे आणि सुमारे ३० मीटरवर २५ मिनिटे काढून, वाटेत सक्तीचा थांबा न घेता वर येता येई. कोष्टकाचा हिशेब मात्र ठोक होता. पाणबुड्या पाच मिनिटे ३० मीटरवर गेला आणि उरलेला सारा वेळ १२ मीटरवर राहिला, तरी सगळा वेळ ३० मीटरवरच घालविला असे धरले जाई. यात मिनिटे वाया जात हे खरे. पण त्या वाया जाणाऱ्या मिनिटांतच पाणबुड्याची सुरक्षितता होती. हिशेबात थोडी चूक झाली, खोलीमापक थोडा चुकला, तरी ती चूक पोटात घालण्याइतकी जागा कोष्टकात होती.

ही मिनिटे वाचवावी या इच्छेतून यंत्र आले. १९५९ मध्ये इटलीत तयार झालेल्या एका उपकरणात वायू चिनीमातीच्या सच्छिद्र तुकड्यातून हळूहळू झिरपे आणि त्यावरून शरीरातील साठ्याचा अंदाज करीत. त्यात कप्पा एकच होता, शरीरात मात्र अनेक. त्यामुळे पाणबुड्यांनीच त्याला 'बेंडोमॅटिक', म्हणजे आपोआप बेंड्स आणणारे, असे उपरोधिक नाव दिले. खरा बदल १९८३ मध्ये झाला. त्या वर्षी अमेरिकेत 'एज' आणि युरोपात 'डेकोब्रेन' हे इलेक्ट्रॉनिक संगणक बाजारात आले. त्याच वर्षी ज्यूरिचचे प्राध्यापक आल्बर्ट ब्यूलमान यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्या गणितात पुढे सोळा कप्पे आले. सर्वांत जलद कप्पा ४ मिनिटांत निम्मा भरणारा, तर सर्वांत मंद ६३५ मिनिटांत. आजच्या अनेक संगणकांच्या पोटात हेच गणित वा त्याचे एखादे रूप चालते.

संगणक दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजतो आणि प्रत्येक कप्प्याचा साठा नव्याने काढतो. ज्या खोलीवर जितका वेळ गेला तितकाच हिशेबात धरला जातो. बेरीज-वजाबाकीच्या चुका गेल्या, वर येण्याचा वेग वाढला की इशारा मिळू लागला, सबंध बुडीची नोंद राहू लागली. या यंत्रांमुळे पाणबुड्यांचे मोठे हित झाले, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. छंद म्हणून होणाऱ्या बुड्यांत बेंड्सचे प्रमाण आज दहा हजारांमागे काही मोजक्या प्रकरणांइतकेच आहे. यंत्राला सरसकट दोष देणारी भूमिका म्हणूनच टिकणारी नाही.

परंतु कोष्टकातील ती सैल जागा आता संगणकाने वापरून टाकली आहे, हेही तितकेच खरे. पूर्वी जे मोजमाप थोडे चुकले तरी निभावे, ते आता बिनचूक असावे लागते. म्हणून विश्वासार्हतेचा प्रश्न आला. त्याचे दोन भाग आहेत: यंत्र प्रामाणिक आहे काय, हा पहिला, आणि यंत्रातले गणित खरे आहे काय, हा दुसरा. या दोहोंची गल्लत केली की विचार फसतो.

यंत्राचा प्रामाणिकपणा

यंत्रात दाब मोजणारा एक लहानसा संवेदक असतो. त्याच्या तोंडाशी मीठ साचले, वाळू बसली किंवा काळानुरूप त्याचे मोजमाप सरकले, की खोली चुकीची दिसू लागते. खोली चुकली की पुढचे सारे गणित चुकते, आणि विशेष म्हणजे पडद्यावरचे अंक तेवढ्याच स्वच्छपणे झळकत राहतात. पाणी खारे की गोडे, हाही प्रश्न आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते. तेव्हा एकाच दाबाला दोन यंत्रे वेगवेगळी खोली दाखवू शकतात. स्कॉटलंडमध्ये ओबानजवळील सागरविज्ञान संस्थेतील संशोधकांनी सत्तेचाळीस प्रकारचे संगणक एकाच वेळी एकाच दाबाखाली तपासून त्यांचे मोजमाप ताडून पाहिले; त्यांचा तो अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व यंत्रांचे एकमत नव्हते. ज्या देशांत पाणबुड्याच्या मृत्यूच्या चौकशीत या यंत्रातील नोंद साक्षीपुरावा म्हणून वापरली जाते, तेथे हा फरक केवळ तांत्रिक राहत नाही.

यापेक्षा गंभीर प्रकार यंत्राच्या कार्यक्रमातील चुकीचा. स्वित्झर्लंडच्या युवाटेक कंपनीने १९९५ मध्ये बनविलेल्या 'अलादिन एअर एक्स नायट्रॉक्स' या संगणकाची कथा या दृष्टीने बोधप्रद आहे. नायट्रॉक्स म्हणजे प्राणवायूचे प्रमाण वाढवलेली आणि म्हणून नायट्रोजन कमी असलेली हवा. पाणबुड्या ती पाण्याखाली घेतो. वर आला की साऱ्यांसारखी साधी हवाच घेतो. परंतु हे यंत्र, माणूस नावेवर बसलेला असतानाही तो नायट्रॉक्सच घेत आहे, असे समजून हिशेब करी. परिणामी शरीरातील नायट्रोजन प्रत्यक्षापेक्षा लवकर निघून गेला असे त्याला वाटे, आणि पुढच्या बुडीला ते अधिक मिनिटे देई. संवेदक शाबूत, बॅटरी शाबूत, पडदा शाबूत. चूक होती ती एका गृहीतकात. ती यंत्रे परत मागविल्याची जाहीर घोषणा झाली २००३ मध्ये. म्हणजे मधली सात-आठ वर्षे ती यंत्रे कोणाच्या ना कोणाच्या मनगटावर होती. कंपनीच्या वर्तुळात हा दोष पूर्वीच लक्षात आला होता, असा आरोप पुढे अमेरिकेतील दाव्यांत फिर्यादींनी केला.

येथे एका गोष्टीची विशेष नोंद घ्यावी लागेल. युरोपात या उपकरणांसाठी 'ईएन १३३१९' नावाचे मानक आहे. ते खोली आणि वेळ यांच्या मोजमापापुरते आहे. वर येण्यासंबंधी यंत्र जो सल्ला देते, त्याच्या खरेखोटेपणाविषयी ते मानक काही सांगत नाही. ग्राहक मात्र यंत्रावरचा मानकाचा शिक्का पाहतो आणि सबंध यंत्राची हमी मिळाली असे समजतो. तागडीवर वजनमाप खात्याचा छाप आहे म्हणून आतल्या धान्याचीही परीक्षा झाली, असे समजण्यापैकीच हा प्रकार होय. संगणकांची परीक्षा कशी व्हावी यासाठी २०११ मध्ये पोलंडमधील ग्दान्स्क येथे तज्ज्ञांची खास परिषद भरवावी लागली, यावरूनच हा विषय किती काळ अधांतरी राहिला होता याची कल्पना यावी.

गणिताची मर्यादा

आता दुसरा भाग. यंत्र सर्वस्वी प्रामाणिक आहे असे धरू. तरी ते ज्याचा हिशेब करते तो देह कोणाचा? तो तुमचा नव्हे, आमचा नव्हे. सोळा कप्प्यांचा तो एक कल्पित देह आहे. त्याला वय नाही, चरबी नाही, आदल्या रात्रीचे जागरण नाही. तो थंडीने कुडकुडत नाही, प्रवाहाविरुद्ध पोहून दमत नाही. सुमारे चार माणसांमागे एकाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यात, गर्भावस्थेतील फट पूर्ण बुजलेली नसते. एरवी त्याने काही अडत नाही, पण बुडबुड्यांना फुप्फुसे टाळून धमन्यांत शिरण्याची वाट त्यामुळे मिळू शकते. कल्पित देहाला ही फट नाही. काही नव्या यंत्रांत हृदयाचे ठोके आणि पाण्याचे तापमान विचारात घेतात. तरी त्यांचे माप गणितात किती धरायचे, हा पुन्हा अंदाजाचाच भाग आहे.

एकाच खोलीवर, एकाच वेळात, एकीकडे एक शेळी आजारी पडते आणि शेजारची ठणठणीत राहते, हे हॉल्डेन यांना १९०८ मध्येच ठाऊक होते. व्यक्तिपरत्वे असणारा हा फरक शतकभराच्या गणिताला पुसता आलेला नाही. म्हणूनच आज बेंड्स झालेल्यांपैकी पुष्कळांनी यंत्राची मर्यादा मोडलेली नसते. असे रोगी 'आमची काही चूक नव्हती' असे म्हणतात, आणि ते खोटे बोलत नसतात. सारेच पाणबुडे संगणक वापरीत असल्याने रोग्यांतही संगणकवालेच बहुसंख्य असणार, हे उघड आहे. पण त्यातून एवढे निश्चित दिसते, की यंत्रावर शून्य मिनिटे दिसणे म्हणजे मृत्यू नव्हे आणि पाच मिनिटे शिल्लक दिसणे म्हणजे अभय नव्हे. निसर्गात धोका चढणीसारखा हळूहळू वाढतो. यंत्र मात्र तो भिंतीसारखा दाखविते.

गणिते अनेक आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत, ही दुसरी अडचण. एकाच बुडीत दोन निरनिराळ्या बनावटीची यंत्रे शेजारी शेजारी बांधली, तर उरलेल्या मिनिटांचे त्यांचे उत्तर भिन्न येते. बाजाराचा स्वभाव लक्षात घेतला तर अधिक मिनिटे देणारे यंत्र गिऱ्हाइकाला अधिक आवडणार, यात नवल नाही. शिवाय बऱ्याच यंत्रांत सावधगिरीचे प्रमाण वापरणाऱ्याला स्वतःच कमीजास्त करता येते. हे अधिकार शहाण्याच्या हाती उपकारक आणि उतावळ्याच्या हाती घातक ठरतात.

नवे ते अधिक सुरक्षित, हा समजही तपासून घ्यावा लागतो. गेल्या शतकाच्या अखेरीस बुडबुड्यांच्या भौतिकशास्त्रावर आधारलेली काही नवी गणिते पुढे आली. वर येताना पहिले थांबे अधिक खोलीवर घ्यावेत, म्हणजे बुडबुडे वाढणारच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. युक्तिवाद आकर्षक होता. खोल जाणाऱ्या हौशी पाणबुड्यांनी तो उचलून धरला आणि यंत्रांतही तो आला. अमेरिकन नौदलाच्या फ्लॉरिडातील प्रायोगिक पथकाने मात्र माणसांवर रीतसर परीक्षा घेतली. पाणबुड्यांना १७० फूट, म्हणजे सुमारे ५२ मीटर दाबाखाली ३० मिनिटे ठेवले. नंतर एका गटाला खोल थांबे दिले, दुसऱ्याला उथळ. थांब्यांचा एकूण वेळ दोन्हीकडे सारखा. खोल थांबे घेणाऱ्या गटातच आजाराची प्रकरणे अधिक निघाली आणि परीक्षा नियोजित संख्येपूर्वीच थांबविण्यात आली. त्याचा अहवाल २०११ चा आहे. तोवर ती कल्पना वर्षानुवर्षे लोकांच्या मनगटावर वावरत होती. हॉल्डेन यांनी आधी प्रयोग केला आणि मग कोष्टक दिले. येथे आधी यंत्र विकले गेले आणि प्रयोग मागाहून झाला. वरातीमागून घोडे म्हणतात ते यालाच.

आपल्या किनाऱ्यापुरते

या साऱ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ग्रँड बेटापाशी किंवा मालवणात नवख्या पर्यटकाला जेथे नेतात ती पाण्याची खोली थोडी असते. तेवढ्या पाण्यात, अर्ध्या तासात, त्याला बेंड्स होण्याचा संभव अल्प. त्याचे खरे धोके वेगळे आहेत: घाबरून श्वास रोखणे, एकदम वर झेपावणे, आणि त्यामुळे फुप्फुसाला इजा होणे. मात्र त्याचा हात धरणाऱ्या प्रशिक्षकाचे तसे नाही. पर्यटक एकदा उतरतो. प्रशिक्षक हंगामात दिवसातून अनेकदा खालीवर करतो, आणि हे रोज. वारंवार वर येण्याने शरीरावर जो ताण पडतो, त्याविषयी यंत्रातली गणिते सर्वांत कमी भरवशाची आहेत. कारण ती मुळात एकदा खाली जाऊन सावकाश वर येणाऱ्या पाणबुड्याचा विचार करून बांधलेली आहेत. म्हणजे ज्याच्या पोटापाण्याचा हा धंदा आहे, त्याच्याच बाबतीत यंत्राचा आधार तोकडा पडतो.

शिवाय आजची खोली ही उद्याची राहणार नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव मिरविणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. तिचा माथाच वीस मीटरहून खोल आहे. अशा जागांकडे लोकांचे लक्ष वळू लागले आहे. तेथे यंत्रावरचे मिनिट हे खरोखरीचे मिनिट असेल, आणि जवळ दाबाची कोठी नसेल. बेंड्सवरील नेहमीच्या उपचारात रोग्याला पुन्हा १८ मीटरच्या दाबाखाली नेऊन, शुद्ध प्राणवायू देत, सुमारे पावणेपाच तासांत हळूहळू बाहेर आणावे लागते. ही सोय किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावी असणे शक्य नाही. म्हणून प्रतिबंध हाच उपाय.

या बाबतीत काय करावे हे अज्ञात नाही. अमेरिकेच्या अंतर्जलीय विज्ञान अकादमीने १९८८ मध्येच कॅलिफोर्नियाच्या कॅटालिना बेटावर भरविलेल्या परिषदेत काही साधे नियम सांगितले. प्रत्येक पाणबुड्याचे यंत्र स्वतंत्र असावे. जोडीने उतरलेल्यांनी दोहोंपैकी अधिक सावध यंत्राचे ऐकावे. पाण्याखाली यंत्र बंद पडले तर बुडी तेथेच संपवून वर यावे. आधीच्या अठरा तासांत बुडी मारलेली असल्यास नव्या यंत्रावर विसंबू नये, कारण आधीचा साठा त्याला ठाऊक नसतो. भाड्याच्या यंत्रांच्या व्यवसायाने हा शेवटचा नियम खास ध्यानात घ्यावा. सकाळी एकाच्या आणि दुपारी दुसऱ्याच्या मनगटावर चढणारे यंत्र दुपारच्या माणसाला सकाळच्या माणसाचा हिशेब सांगते. आणि सकाळचा माणूस दुपारी दुसरे यंत्र घेऊन उतरला, तर त्याला कोऱ्या देहाचा हिशेब मिळतो. पहिल्यात मिनिटे वाया जातील, दुसऱ्यात माणूस वाया जाईल.

यात आपण आपल्या परिस्थितीला धरून आणखी काही जोडले पाहिजे. पाणबुड्यांची केंद्रे चालविण्यास परवाना देणारे खाते साधने आहेत काय, एवढेच विचारून थांबले, तर ते पुरेसे नाही. प्रत्येक संगणकाचे मोजमाप प्रमाणित दाबमापकाशी केव्हा ताडून पाहिले, याची नोंदवही मागितली गेली पाहिजे. यास मोठा खर्च नाही. दाबाचे लहानसे भांडे आणि वर्षातला एक दिवस पुरतो. प्रशिक्षकाने दिवसात किती वेळा खालीवर करावे, याला यंत्राच्या अनुमतीखेरीज निराळी मर्यादा हवी, आणि ती पाळल्याबद्दल त्याची मजुरी कापली जाता कामा नये. हंगामाच्या गर्दीत मालकाने आणखी एक फेरी मागावी, यंत्राने मिनिटे शिल्लक दाखवावीत, आणि तरुणाने नाही म्हणू नये, या साखळीतूनच उद्याचा पंगू माणूस तयार होतो. यंत्रांच्या माहितीपुस्तिका बहुधा परभाषेत असतात. त्यांतील सावधगिरीचे भाग मराठीत आणि कोकणीत उपलब्ध करून देणे तारकर्लीच्या प्रशिक्षण संस्थेसारख्या संस्थांना अवघड जाऊ नये.

पर्यटकांनीही एक गोष्ट जाणून घ्यावी. पाण्यातून बाहेर आल्याने बुडी संपत नाही. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. थांबा न लागणारी एकच बुडी मारली असेल तर किमान १२ तास आणि अनेक बुड्या झाल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. दाबोळी किंवा मोपा येथून रात्रीचे विमान पकडणाऱ्याने सकाळचा कार्यक्रम ठरवितानाच हे मनात धरावे. घाट चढून, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असलेल्या बेळगावला त्याच दिवशी परतणाऱ्याने, विशेषतः खोल किंवा अनेक बुड्यांनंतर, हा विचार दृष्टीआड करू नये. मनगटावरच्या यंत्राला तुमच्या प्रवासाचे तिकीट दिसत नसते.

आमच्या रापणकाराकडेही पंचांग असते. भरती-ओहोटीची तिथी तो त्यात पाहतो, पण जाळे टाकण्यापूर्वी वाऱ्याकडे आणि पाण्याच्या रंगाकडे पाहिल्यावाचून होडी लोटीत नाही. पंचांगावर त्याचा अविश्वास आहे म्हणून नव्हे. पंचांग काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही हे त्याला अनुभवाने ठाऊक असते म्हणून. पाणबुड्यानेही आपल्या संगणकाशी असेच वागावे. यंत्राने 'वर चला' म्हटले तर निमूट वर यावे. यंत्राने 'अजून रहा' म्हटले तर मात्र थकवा, थंडी, वय आणि कालची बुडी आठवून निर्णय स्वतः घ्यावा. वर येताना मिनिटाला ९ मीटरहून अधिक वेग धरू नये आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावे. एवढे केले तर गणितात राहिलेली बरीचशी तूट भरून निघते.

यंत्र खरे बोलते की नाही, हे पाहण्याची जबाबदारी ते बनविणाऱ्यावर, विकणाऱ्यावर आणि परवाना देणाऱ्यावर आहे. ती त्यांनी टाळू नये. यंत्राच्या पलीकडचे जाणण्याची जबाबदारी ज्याचा देह पणाला लागतो त्याची आहे. नव्या हंगामात आमच्या किनाऱ्यावरील एकाही तरुणाला हा धडा स्वतःच्या पायांची किंमत देऊन शिकावा लागू नये, याची तजवीज आजच झाली पाहिजे.